*डिझेल पिकअप दम तोडतेय? इंजेक्टर खोलायच्या आधी हे तपासा*



पाऊस ओसरायला लागलाय. हळवी भातं कापणीला आलीत, मांडवावरच्या काकडी-शिराळ्याचे शेवटचे तोडे चालू आहेत आणि पुढच्या भाजीची तयारी सुरू झालीय. म्हणजे दोन-तीन महिने कमी फिरलेल्या पिकअप आता रोज रस्त्यावर येणार. याच दिवसांत ग्रुपवर मेसेज वाढतात. "सकाळी गाडी चालू होत नाय", "चढावर पिकप घेत नाय", "चौकपर्यंत गेली आणि बंद पडली".

आजचा सल्ला पिकावर नाही, गाडीवर आहे. कारण साधं आहे. संध्याकाळी तोडलेली भेंडी पहाटे वाशीच्या मार्केटला पोचली तर भाव. गाडी रस्त्यात उभी राहिली तर तीच भेंडी दुपारी मऊ पडते आणि मिळेल त्या दराने द्यावी लागते. वर गॅरेजचं बिल वेगळं. बिल वाढतं ते बहुतेक वेळा बिघाड मोठा असतो म्हणून नाही, तर तपासणी उलट्या टोकाने सुरू होते म्हणून. फिल्टर शेकड्यात येतो, इंजेक्टरचं काम हजारांत जातं. तेव्हा स्वस्त गोष्ट आधी, महाग गोष्ट शेवटी. हाच आजच्या मेसेजचा सार.

मेसेज लांब आहे. सेव्ह करून ठेवा, ड्रायव्हरलाही पाठवा.

*१) डिझेलचा रस्ता समजून घ्या*

टाकी → टाकीतली जाळी → पाईप → डिझेल फिल्टर (खाली पाणी साठायची जागा) → पंप → इंजेक्टर, म्हणजे आपण म्हणतो ते नोझल. जास्तीचं डिझेल रिटर्न पाईपने परत टाकीत.

हे आपल्या ड्रिपसारखंच आहे. विहीर म्हणजे टाकी, फूटव्हॉल्व्हची जाळी, सक्शन पाईप, मोटर, फिल्टर आणि शेवटी ड्रिपर. ड्रिपरमधून पाणी येत नसेल तर आपण लगेच सगळे ड्रिपर बदलत नाही. आधी फिल्टर धुतो, मग सक्शन बघतो. गाडीलाही तोच नियम.

*२) आपली गाडी कुठल्या प्रकारची?*

जुनी गाडी: पंप साधा, यांत्रिक. एअर काढायचे स्क्रू असतात. गावातला मेकॅनिक पाना घेऊन बरंच काही करू शकतो.

नवी गाडी: कॉमन रेल. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्या काळातल्या बहुतेक पिकअप या प्रकारच्या आहेत. यात पंप डिझेल एका नळीत दाबून ठेवतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतो. दाब किती? भरलेल्या पिकअपच्या टायरमध्ये साधारण ४ बार हवा असते. इथे जोर लावल्यावर दाब १००० बारच्या पुढे जातो. म्हणून या गाडीत घाण आणि पाणी अजिबात चालत नाही. आणि म्हणूनच पुढचा मुद्दा आधी वाचा.

*३) ⚠️ इथे हात लावायचा नाही*

• कॉमन रेल गाडीत पंप ते इंजेक्टर या लोखंडी नळ्यांचे नट इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका. "नट ढिला करून एअर काढ" ही जुन्या गाडीची पद्धत नव्या गाडीला लावू नका.
• गळती बोटाने चाचपू नका. संशय असेल तर इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, मग टॉर्चने ओल बघा. इतक्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही कमी, पण आत डिझेल पसरतं आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. १०८ ला फोन करा, "दाबाचं डिझेल हातात शिरलंय" असं स्पष्ट सांगा आणि मोठ्या दवाखान्यात जा. तास-दोन तासही महत्त्वाचे असतात.
• एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा देऊ नका. हिटर प्लग तापलेला असेल तर आतच भडका होतो.
• सेल एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर डिझेलचा बिघाड बाजूला राहतो आणि बॅटरी-स्टार्टरचा नवा खर्च उभा राहतो.

*४) लक्षण बघा: सकाळी चालू होत नाही*

सेल मारताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. इंजिन किती जोरात फिरतंय आणि सायलेन्सरमधून काय येतंय.

क) इंजिन हळू फिरतंय: आधी बॅटरी आणि तिच्या टोकांवरचा पांढरा थर बघा. डिझेलचा दोष काढू नका.

ख) जोरात फिरतंय, पण धूर अजिबात नाही: डिझेल इंजिनपर्यंत पोचत नाही. टाकीत डिझेल आहे ना? काटा अडकतो, त्यावर भरवसा ठेवू नका. मग फिल्टरवरचा हातपंप दाबून बघा. मऊ लागला आणि १५-२० वेळा मारल्यावर कडक झाला, आणि मग गाडी लगेच चालू झाली, तर रात्रीत डिझेल मागे उतरलं होतं. म्हणजे कुठेतरी हवा घेतेय. मुद्दा ६ बघा.

ग) जोरात फिरतंय, पांढरा धूर येतोय, डोळे चुरचुरतात: डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हिटर प्लग, बॅटरी कमजोर, नाहीतर डिझेलमध्ये पाणी. आपल्याकडे डिझेल गोठण्याएवढी थंडी पडत नाही, त्यामुळे तो विषय सोडा.

घ) थंड असताना चालू होते, पण वाशीला माल उतरवून परत सेल मारला की गरम इंजिन चालू होत नाही: कॉमन रेल गाडीत हे इंजेक्टर झिजल्याचं किंवा एखाद्या सेन्सरचं लक्षण असू शकतं. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त परत जातं आणि दाब तयार होत नाही. हे मेकॅनिकला मुद्दाम सांगा.

*५) बाटलीची चाचणी: सगळ्यात आधी, जवळपास फुकट*

कर्जत-खालापूरला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अर्ध्या भरलेल्या टाकीत वरची जागा दमट हवेने भरते, रात्री गारव्याने ती हवा टाकीच्या पत्र्यावर घाम धरते आणि तो घाम खाली उतरतो. झाकणाच्या जागी फडकं कोंबलेलं असेल किंवा ड्रमातलं डिझेल उघड्यावर असेल तर विचारूच नका. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. जाळीही तळाशीच असते.

काय करायचं:
1️⃣ गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी चालू न करता, इंजिन थंड असताना फिल्टरखाली स्वच्छ, पारदर्शक बाटली धरा.
2️⃣ फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू एक-दोन आटे सैल करा. डिझेल येत नसेल तर हातपंप हळू मारा. पाव बाटली घ्या, स्क्रू हातानेच घट्ट करा. पान्याने आवळला तर प्लास्टिकचा आटा जातो.
3️⃣ बाटली १५ मिनिटं हलवू नका, मग उजेडात धरा.

काय दिसलं त्याचा अर्थ:
• एकसारखं स्वच्छ: पाणी नाही, पुढे जा.
• खाली वेगळा थर किंवा गोळे-गोळे थेंब: पाणी आहे. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा.
• दुधाळ, गढूळ: पाणी मिसळून गेलंय. फिल्टर बदला आणि टाकीही रिकामी करून बघा.
• काळा-तपकिरी, बुळबुळीत गाळ: ही डिझेलमधली बुरशी आणि जीवाणू. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच वाढतात. नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, आठवड्यात परत चोक होईल. टाकी खोलून धुवावी लागते. रोगट रोप काढलं पण वाफ्यात पाणी साचलेलंच ठेवलं तर काय होतं, तसंच.

नंतर हातपंप कडक होईपर्यंत मारा. ज्या गाडीत हातपंप नाही, तिथे चावी ऑन करून थोडं थांबा, बंद करा, असं चार-पाच वेळा करा. मग सेल मारा आणि स्क्रूजवळ ओल नाही ना ते बघा.

काढलेलं डिझेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तिथली माती मरते आणि पाणी वाया जातं. डब्यात साठवून गॅरेजला द्या.

डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबाचा दिवा लागला तर "वाशीहून आल्यावर बघू" म्हणू नका. कडेला घ्या आणि पाणी काढा. कॉमन रेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पाणी गेलं की तो स्वतःला खरवडतो आणि तो कीस पुढे सगळ्या इंजेक्टरमध्ये जातो.

*६) हवा धरणे: गळती दिसत नाही, तरी असते*

"खाली थेंब पडत नाही म्हणजे गळती नाही" हा मोठा गैरसमज आहे. बऱ्याच पिकअपमध्ये टाकी ते पंप हा भाग ओढीचा असतो. तिथे भेग असेल तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. विहिरीवरच्या मोटरीच्या सक्शन पाईपला बारीक भोक पडलं की मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, अगदी तसंच.

लक्षण: चालू होऊन एक-दोन मिनिटांत बंद पडणे, मिसिंग मारणे, रेस आपोआप वर-खाली होणे.

कुठे बघायचं: रबरी पाईपच्या क्लिपा, फिल्टरचा रबरी वायसर (जुना वायसर तसाच राहिलाय का, दोन बसलेत का), ड्रेन स्क्रू, हातपंप आणि टाकीजवळचा पाईप. बंद घरात किंवा गोठ्याजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर उंदरांनी पाईप कुरतडलाय का तेही बघा. पावसाळ्यानंतर हे सर्रास होतं. मेकॅनिक फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाईपचा तुकडा लावून बुडबुडे बघू शकतो. पाच मिनिटांचं काम आहे, आग्रहाने करून घ्या.

रिझर्व्हवर गाडी चालवायची सवयही सोडा. घाट चढताना डिझेल टाकीत मागे जातं आणि पाईप हवा ओढतो.

*७) चढावर दम तोडते: तीन कारणं वेगळी कशी ओळखायची*

खोपोलीहून बोरघाट चढताना भरलेली गाडी थर्डवरून सेकंडवर, सेकंडवरून फर्स्टवर येते. रिकामी मात्र ठीक चालते. याचा अर्थ थोडं डिझेल पोचतं, जास्त मागितलं की कमी पडतं. आता फरक बघा:

• जोर लावला की प्रत्येक वेळी सारखीच कमजोर, दिवसेंदिवस वाढत जाणारी: फिल्टर चोक.
• चांगली चालते, मग दम तोडते, १०-१५ मिनिटं उभी केली की परत ठीक: टाकीत कचरा आहे. ओढीने तो जाळीला चिकटतो, गाडी थांबली की खाली बसतो.
• वरच्यासारखंच, पण टाकीचं झाकण उघडल्यावर "सुस्स" असा हवा आत जाण्याचा आवाज येतो आणि गाडी लगेच सुधारते: टाकीला श्वास घ्यायला जागा नाही. झाकणातलं किंवा वेगळ्या नळीतलं हवेचं भोक बुजलंय.

आपल्या एका सभासदाच्या गाडीचं असंच झालं. भात भरून चढाला लागली की गाडी मरायची. चारही इंजेक्टर काढायचे ठरले होते. त्याआधी झाकणाबद्दल विचारलं तर कळलं, मूळ झाकण हरवलं होतं आणि दुसऱ्या गाडीचं बिनभोकाचं बसवलं होतं. झाकण बदललं, काम संपलं. नियम असा: दम तोडली की गाडी सुरक्षित कडेला घ्या, चाकाला दगड लावा, इंडिकेटर चालू ठेवा आणि झाकण उघडून कान द्या. निघताना दगड रस्त्यातून काढायला विसरू नका. द्रुतगती मार्गावर असाल तर गाडीखाली शिरू नका. सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं आणि ११२ ला फोन करायचा.

हे तिन्ही नसेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचा मोठा रबरी पाईप बघा. पाईप फाटला असेल तर जोर लावताना फुसफुस आवाज येतो आणि काळा धूर निघतो. हा डिझेलचा दोष नाही, हवेचा आहे.

*८) धूर काय सांगतो*

काळा: डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर, मग टर्बो पाईप, शेवटी इंजेक्टर.
पांढरा, डिझेलचा उग्र वास: न जळलेलं डिझेल.
पांढरा, गोडसर वास आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय: हेड गॅस्केटचा संशय. गाडी पुढे नेऊ नका.
निळसर: इंजिन ऑइल जळतंय. डिझेलच्या लाईनशी संबंध नाही.

*९) इंजेक्टरवर खरंच संशय कधी घ्यायचा?*

फिल्टर नवा, पाणी नाही, हवा नाही, झाकण ठीक, तरी एकाच लयीत ठकठक आवाज, उभ्या गाडीत थरथर आणि ॲव्हरेज घसरलेलं. तेव्हा.

तरीही चारही बदलायला लगेच हो म्हणू नका. आधी *रिटर्न टेस्ट* मागा. प्रत्येक इंजेक्टरचं परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत धरतात. तीन बाटल्यांत सारखं आणि एकीत खूप जास्त, तर दोषी तोच. ड्रिपरखाली डबे ठेवून आपण पाणी मोजतो ना, तीच पद्धत.

स्कॅनरवर "रेल प्रेशर कमी" असा कोड आला तरी तो पंप खराब असल्याचा पुरावा नाही. चोक फिल्टरनेही तोच कोड येतो. भाताचं पान पिवळं पडलं की ते नत्राच्या कमतरतेनेही असतं, पाणी साचल्यानेही असतं आणि किडीनेही असतं. कोड हे पिवळं पान आहे, रोगाचं नाव नाही.

एक गोष्ट दर आठवड्याला बघा: *इंजिन ऑइलची काडी*. ऑइल कमी होणं आपण बघतो, वाढलेलं कुणी बघत नाही. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ती गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

*१०) पुढच्या पावसाळ्यापर्यंत हे पाळा*

✅ काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरा, सकाळी नाही. रिकामी जागा कमी म्हणजे घाम कमी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर भरूनच ठेवा.
✅ पावसाळ्यात दर १५ दिवसांनी बाटलीची चाचणी. गाडी पाण्यातून गेली असेल तर लगेच.
✅ डिझेल फिल्टर गाडीच्या पुस्तकातल्या किलोमीटरला बदला, मूळ कंपनीचाच. तारीख आणि किलोमीटर मार्करने फिल्टरवर लिहा.
✅ पंपावर मापाबद्दल शंका आली तर ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. पावती ठेवा.
❌ रस्त्याकडेला कॅनमध्ये मिळणारं स्वस्त "डिझेल" आणि रॉकेलची भेसळ नको. वाचलेले पैसे पंप खातो.
❌ चुकून पेट्रोल भरलं तर चावीसुद्धा ऑन करू नका. टाकी रिकामी करूनच पुढे.

आणि एक खास शेतकऱ्यांसाठी. काही बीएस-६ गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी छोटी टाकी असते. त्यात जातं ते शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. हे ऐकून गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून टाकायचा विचार करू नका. आपला युरिया नीमकोटेड आहे, त्यात इतर क्षारही असतात. त्याने पुढची महागडी यंत्रणा चोक होते. शिवाय अनुदानित खत शेतीशिवाय वापरणं गुन्हा आहे. सीलबंद द्रावणच घ्या, आणि ते डिझेलच्या टाकीत जाणार नाही याची काळजी घ्या.

*११) मेकॅनिककडे जाताना हे लिहून न्या* (कॉपी करून भरा)

गाडी आणि वर्ष:
बिघाड कधी होतो: थंड / गरम / चढावर / माल भरल्यावर
सेल मारताना धूर: नाही / पांढरा / काळा
बाटलीत काय दिसलं:
झाकण उघडल्यावर फरक: हो / नाही
हातपंप: मऊ / कडक
फिल्टर शेवटचा कधी बदलला:
कुठला दिवा लागलाय:

"गाडी चालत नाय, बघा जरा" असं सांगितलं की मेकॅनिक अंदाजाने सुरुवात करतो. हे आठ मुद्दे दिलेत की त्याचाही वेळ वाचतो आणि तुमचाही पैसा. काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या.

गाडी वॉरंटीत असेल तर पाणी काढण्यापलीकडे स्वतः काही खोलू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

पहिला मोठा तोडा निघायच्या आधीच्या रविवारी बाटलीची चाचणी करून ठेवा. बाटलीत काय दिसतंय ते कळलं नाही तर फोटो आणि वरचा भरलेला तक्ता याच नंबरवर पाठवा, व्हॉइस मेसेजही चालेल. माल भरून गाडी अडकली असेल तर मात्र मेसेज नको, सरळ संकलन केंद्रावर फोन करा. त्या बाजूने दुसऱ्या सभासदाची गाडी जात असेल तर माल तिच्यात चढवता येतो.


– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, कर्जत-खालापूर